कोरेकोरेच्या रात्री: माओरींचं चांद्र पंचांग हौशी गळवाल्यांच्या नोंदींवर तपासता येईल का?

हौराकीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय लांबच्या देशातला आहे. पण इथे तिथी-नक्षत्रं जाणणारे आहेत, भरती-ओहोटीवर पोट असलेले आहेत आणि आकडेमोड करणारेही आहेत, म्हणून इथेच मांडतो.

माझ्याकडे एक निळी वही आहे. तीन वर्षांपूर्वी ऑकलंडमध्ये गळ टाकायला शिकलो तेव्हापासून तीत लिहितोय: तारीख, जागा, आमिष, काय मिळालं, किती सेंटीमीटर. पानांना खाऱ्या पाण्याचे डाग आहेत आणि पिलचर्डचा (आपल्या तारलीच्या जातीचा मासा, इथलं नेहमीचं आमिष) वास काही जात नाही. शेजारी एक माओरी आजोबा राहतात. वडीलधाऱ्या पुरुषाला इथे मानाने 'मातुआ' म्हणतात, मीही तेच म्हणतो. मोठ्या उत्साहाने मी त्यांना वही दाखवली. त्यांनी शांतपणे सगळी चाळली आणि एकच गोष्ट विचारली: काहीच मिळालं नाही ते दिवस कुठे आहेत?

वहीत तसा एकही दिवस नव्हता. रिकाम्या हाताने परतलो की मी वही उघडतच नसे.

मग त्यांनी फ्रीजवर लावलेलं 'मरामाताका' दाखवलं. मरामा म्हणजे चंद्र, ताका म्हणजे फिरणं. महिन्यातल्या प्रत्येक रात्रीला वेगळं नाव. सुरुवात फिरोपासून, म्हणजे आपल्या अमावस्या-प्रतिपदेच्या आसपास. मध्यावर राकाउनुई, ही पौर्णिमा. शेवटची मुतुफेनुआ. त्या-त्या रात्री काय करावं हेही ठरलेलं: कधी रताळी लावावी (त्याला इथे कुमारा म्हणतात), कधी ईल (सापासारखे लांब मासे) पकडावेत, कधी समुद्रावर जावं, कधी घरी बसून जाळी दुरुस्त करावी. नावं आणि त्यांचा क्रम टोळीगणिक, किनाऱ्यागणिक थोडा बदलतो.

माझं लक्ष दोन जागी अडकलं. पौर्णिमेनंतर पाचेक दिवसांनी सलग तीन रात्री 'कोरेकोरे' येतात. माओरीत 'कोरे' म्हणजे काही नाही, अभाव. त्या दिवसांत मासेमारीला जाऊ नये, हाती काही लागत नाही. आपल्या 'कोऱ्या'शी हा फक्त ध्वनीचा योगायोग आहे, पण तो ऐकल्यापासून मला माझी न लिहिलेली कोरी पानंच दिसत राहिली. आणि कोरेकोरे संपल्या की लगेच 'तांगारोआ'च्या रात्री. तांगारोआ हा समुद्राचा देव. मासेमारीला महिन्यातले सगळ्यांत चांगले दिवस हेच.

आपल्या हिशेबात बसवायचं तर कोरेकोरे साधारण कृष्ण पंचमी ते सप्तमी आणि तांगारोआ अष्टमी ते दशमी. हे दिवस इथे अजून किती जिवंत आहेत त्याची एक खूण सांगतो. २०२२ पासून न्यूझीलंडमध्ये मातारिकीची सार्वजनिक सुट्टी असते. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. सुट्टीचा शुक्रवार ठरतो तो पिपिरी महिन्यातल्या तांगारोआच्या रात्रींवरून. २०२२ मध्ये २४ जून, २०२३ मध्ये १४ जुलै, २०२४ मध्ये २८ जून. एका आधुनिक देशाची अधिकृत सुट्टी मासेमारीच्या चांगल्या तिथींना बांधलेली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता प्रश्न. इथे हजारो लोक हौसेने मासे धरतात, त्यांच्या नोंदीही आहेत. त्या नोंदींवर कोरेकोरे आणि तांगारोआ पडताळता येतील का? मला कुणाला खरं-खोटं ठरवायचं नाही. पण ही विधानं इतकी नेमकी आहेत की ती तपासणं हा त्यांचा मानच आहे असं मला वाटतं.

---

दुर्वांकुर

वाचनखूण साठवली. 'कोरेकोरे' वाचून अंगावर काटा आला. पुढे लिहा.

---

संख्याशोध

उत्तम विषय. माझं काम संख्याशास्त्रातलं, मासेमारीतलं शून्य कळतं. तरी नोंदींच्या बाजूने सांगते.

आधी जवळचं उदाहरण. उत्तर अमेरिकेत मस्कलंज नावाचा मोठा गोड्या पाण्यातला मासा आहे. गळवाल्यांनी नोंदवलेल्या ३,४१,९५९ मस्कलंजचा चंद्राशी संबंध तपासून २०१४ मध्ये एक शोधनिबंध आला. पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास जास्त मासे मिळाले, पण फरक किती? सर्वांत चांगल्या चांद्रदिवशीच जाणाऱ्याला, कधीही जाणाऱ्यापेक्षा सरासरी ५ टक्के जास्त. मोठ्या माशांत आणि रात्रीच्या मासेमारीत परिणाम अधिक. साडेतीन लाख नोंदी होत्या म्हणून ५ टक्के दिसले. तुमच्या एकट्याच्या वहीत एवढा फरक कधीच दिसणार नाही, हे आधीच मनाशी धरा.

त्याच निबंधातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. एका तलावावर असं दिसलं की लोकच चंद्र बघून गळ टाकायला येत होते. जास्त माणसं, जास्त गळ, जास्त मासे. मग बदल माशाच्या वागण्यात आहे की माणसाच्या? निबंधकारांनी प्रामाणिकपणे लिहिलं की हे केवळ माशांच्या वागण्यामुळे आहे असं म्हणता येत नाही.

म्हणून 'किती मासे मिळाले' हा आकडा एकटा निरुपयोगी आहे. 'किती गळ, किती तास, त्यात किती मासे' असा दर हवा. आणि त्यासाठी मातुआंनी विचारलं तेच लागतं, रिकामे दिवस. मासेमारी क्लबांच्या वजनकाट्यावरच्या नोंदी कितीही जुन्या असल्या तरी तिथे मासा आणणाराच पोचतो. रिकाम्या हाताचा थेट घरी जातो.

---

हौराकीकर

@संख्याशोध, मनापासून आभार. इथल्या नोंदींचं चित्र असं आहे. समुद्रात हौसेने मासे धरायला न्यूझीलंडमध्ये परवाना लागत नाही, त्यामुळे साध्या गळवाल्याला पकड कळवण्याची सक्ती नाही. पण मोठी पाहणी होते: २०११-१२, २०१७-१८ आणि २०२२-२३. पहिल्या वेळी सुमारे ७,००० गळवाल्यांना वर्षभर दर आठवड्याला विचारत होते, मासे धरायला गेला होता का? हो म्हणाल तर फोनवर सविस्तर चौकशी. शिवाय होड्या उतरवायच्या धक्क्यांवर माणसं उभी राहून परतणाऱ्यांना विचारतात, काही धक्क्यांवर कॅमेरेही आहेत. या दोन्हींत रिकामा हात निदान नोंदला जातो.

एक अडचण आणखी. आमच्या बाजूला स्नॅपरची (माओरीत तामुरे) मर्यादा १ एप्रिल २०१४ पासून माणशी दिवसाला ७, आणि किमान ३० सेंटीमीटर. म्हणजे चांगला दिवस आणि भन्नाट दिवस, दोन्हींची नोंद '७' अशीच दिसणार.

---

संख्याशोध

हो, वरून कापलेला आकडा. उपाय आहे: सात पुरे व्हायला किती वेळ लागला ते लिहायचं आणि सोडून दिलेले लहान मासेही मोजायचे. भन्नाट दिवस अर्ध्या तासात संपतो.

---

वेसावकर

राम राम. मी कोळी, बाप-आजा डोलीवर गेलेले. धागा वाचला आणि पहिली गोष्ट खटकली, ती सांगतो.

कृष्ण अष्टमी म्हणजे आमच्याकडे भांग. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं. डोल म्हणजे खुंटाला बांधलेलं पिशवीसारखं जाळं, ते पाण्याच्या ओढीवर चालतं. ओढ असेल तर बोंबील, जवळा आपोआप जाळ्यात शिरतो. भांगाला पाणी मेलेलं असतं, डोल लोंबकळते. आमच्या आजोबांनी तुमच्या तांगारोआला जाळी वाळत घातली असती आणि होडीला तेल लावलं असतं.

तर मग माओरी चुकले का? मला तसं वाटत नाही. ते होडीतून दोरीला गळ बांधून तळाला सोडत होते ना? उधाणाच्या ओढीत गळ तळाला राहत नाही, वजन उचललं जातं, दोरी तिरकी पळते. गळवाल्याला भांगच बरा. आमच्यात हातदोरीने तळाचा मासा धरणारे होते, तेही उधाणाला नाराज असत. तेव्हा कुठलाही तिथीचा नियम वाचताना आधी विचारा: हा कुठल्या जाळ्याचा नियम आहे? डोलीचं पंचांग गळाला लावलं तर उलटंच दिसणार.

आणि भरतीची वेळ काढायची आमची रीत इथल्या पोरांसाठी लिहून ठेवतो, कारण आता सगळे मोबाईल बघतात. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. मुंबईच्या किनाऱ्याला हे चालतं, ऑकलंडला चालणार नाही.

---

हौराकीकर

वेसावकर दादा, या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. माओरी गळाला दगडाचं वजन बांधून तळाला सोडायचेच. त्यांचे गळ लाकडाचे, हाडाचे, शिंपल्याचे, टोक आत वळलेलं. मासा स्वतःहून ओढ घेतो आणि गळ फिरून जबड्यात बसतो. हल्ली दुकानात 'सर्कल हुक' म्हणून मिळतात त्यांचं तत्त्व तेच.

ऑकलंडला पाऊणपट का चालणार नाही, तेही सांगतो, कारण त्यात परीक्षेची एक सुंदर संधी आहे. शहर एका अरुंद भूपट्टीवर आहे. पूर्वेला वाइतेमाता बंदर आणि हौराकी आखात, पश्चिमेला मानुकाऊ बंदर. ओताहुहूजवळ ही पट्टी दीड किलोमीटरहूनही अरुंद आहे. तिथून माओरी आपली 'वाका', म्हणजे होडी, जमिनीवरून ओढत एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात नेत. आणि या दोन पाण्यांच्या भरतीत सुमारे तीन तासांचा फरक! तीच रात्र, तोच चंद्र, पण भरती वेगळ्या वेळी. म्हणजे तांगारोआचा गुण भरतीच्या वेळेत असेल तर दोन्ही किनाऱ्यांवर तो वेगवेगळ्या तासांना दिसेल. चंद्राच्या उजेडात असेल तर दोन्हीकडे एकाच वेळी दिसेल.

---

आकाशवेडा

उजेडाचा मुद्दा निघाला म्हणून. भांग महिन्यातून दोनदा येतो, शुक्ल अष्टमीला आणि कृष्ण अष्टमीला. पाण्याची ओढ दोन्ही वेळा सारखीच मंद. पण मरामाताकात शुक्ल अष्टमीच्या सुमाराला काय आहे?

---

हौराकीकर

'तामातेआ'चे दिवस. वारा-वादळाचे, भरवसा नसलेले. आणि त्यानंतर 'हुना', म्हणजे लपलेलं. मासे, ईल दडून बसतात.

---

आकाशवेडा

मग माझ्या मते गाठ इथेच आहे. फक्त ओढ मंद असणं पुरेसं असतं तर दोन्ही अष्टम्या सारख्या चांगल्या ठरायला हव्या होत्या. पंचांग एकीला चांगलं म्हणतं आणि दुसरीला नाही. आकाशात फरक एवढाच की शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्री मावळतो आणि पहाट काळोखी जाते. कृष्ण अष्टमीचा मध्यरात्री उगवतो, म्हणून पहाटे तो डोक्यावर असतो आणि फटफटायच्या आधीच पाण्यावर चांदणं असतं. पहाटे मासेमारी करणाऱ्याला हा फरक जाणवणारच. तर तुलना 'चांगले विरुद्ध वाईट दिवस' अशी ढोबळ करू नका. दोन भांगांची तुलना करा, आणि तीही पहाटेच्या तासांची वेगळी.

एक सावधगिरी. चांद्रमास २९.५३ दिवसांचा, नावं साधारण तीस. कुठेतरी एखादी रात्र गळते, आपल्याकडे तिथीचा क्षय होतो तसंच. शिवाय काही ठिकाणी मोजणी चंद्र दिसत नाही त्या रात्रीपासून, काही ठिकाणी पहिली कोर दिसल्यापासून. एका दिवसाची चूक झाली की कोरेकोरेची शेवटची रात्र तांगारोआत जाऊन बसेल आणि सगळा फरक पुसला जाईल. तिथल्या टोळीची स्थानिक मोजणीच घ्यायला हवी, छापील दिनदर्शिका सगळ्या देशाला लावून चालणार नाही.

---

संख्याशोध

@आकाशवेडा, पूर्ण सहमत. यात एक पद्धतीचा मुद्दाही आहे. चंद्राचा परिणाम शोधताना सहसा लाटेसारखी गुळगुळीत वक्ररेषा बसवतात, जी महिन्यातून एकदा किंवा दोनदा हळूहळू चढते-उतरते. मस्कलंजवाल्यांनीही तसंच केलं. पण कोरेकोरे ते तांगारोआ हा उतार नाही, ती पायरी आहे. काल वाईट, आज चांगलं. गुळगुळीत रेषा अशा पायरीला घासून सपाट करते आणि मग निष्कर्ष निघतो, 'परंपरेत तथ्य नाही.' चूक मोजपट्टीची, बोल परंपरेला.

दुसऱ्या बाजूचा धोकाही तेवढाच खरा. तीस रात्री आणि पाच प्रकारचे मासे घेऊन सगळं ताडून पाहिलं तर दीडशे तुलना होतात. नेहमीची ५ टक्क्यांची कसोटी लावली तर काहीच नसतानाही सात-आठ ठिकाणी 'सापडलं!' असं दिसेल. म्हणून आकडे उघडायच्या आधी एकच विधान कागदावर लिहून ठेवा: अमुक किनारा, अमुक मासा, पहाटेचे तास, कोरेकोरेपेक्षा तांगारोआला दर जास्त. बाकी सगळं नंतर.

---

मांडवीची_लेक

मी रत्नागिरीची. आई मासे विकते. 'माणूस की मासा' या मुद्द्यावर आमच्या बाजाराचं सांगते.

संकष्टीला आमच्या पाट्या अर्ध्या तशाच उरतात. एकादशीला तेच. श्रावणात तर बोलायलाच नको. सकाळी सात वाजता बर्फावर मांडलेला सरंगा दुपारी बारापर्यंत तसाच डोळे वटारून बघत असतो आणि आई भाव पाडत जाते. पुढच्या वेळी ती आदल्या दिवशीच कमी माल उचलते. आता लक्षात घ्या, संकष्टी म्हणजे कृष्ण चतुर्थी. दर महिन्याला, चंद्राला बांधलेली. उद्या कुणी आमच्या बाजाराच्या वह्या घेऊन चंद्राचा परिणाम शोधला तर कृष्ण चतुर्थीला खळगा सापडेलच. आणि तो लिहील, चतुर्थीला मासे गळाला लागत नाहीत! मासे असतात तिथेच असतात, गिऱ्हाईक गणपतीच्या देवळात असतं.

ऑकलंडमध्येही ज्यांच्या फ्रीजवर मरामाताका आहे ते कोरेकोरेला जाणारच नाहीत. मग त्या दिवसाच्या नोंदी कुणाच्या? ज्यांना पंचांग माहीत नाही अशांच्या. कदाचित नवख्यांच्या. नवख्याला कमी मासे मिळतात. झालं, कोरेकोरे वाईट ठरलं.

---

संख्याशोध

ताई, संकष्टीचं उदाहरण मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. यावर उपाय एकच: तुलना माणसामाणसांत करायची नाही, त्याच माणसाच्या दोन दिवसांत करायची. एकच गळवाला, त्याचा कोरेकोरेचा दिवस आणि त्याचाच तांगारोआचा दिवस. शक्यतो ज्याला पंचांग माहीत नाही असा, म्हणजे आशेचा परिणाम होणार नाही.

---

तर्कट

प्रामाणिक शंका. गळवाल्यांसाठी 'आज मासा लागेल का' सांगणारे चंद्राचे तक्ते जगभर विकले जातात. सोल्युनार नावाचा प्रकार १९२६ पासून आहे. ते पौर्णिमा-अमावस्या उत्तम म्हणतात, हे कृष्ण अष्टमी उत्तम म्हणतात. दोन्ही मानणारे लोक समाधानी आहेत. माणूस मिळालेलं लक्षात ठेवतो, न मिळालेलं विसरतो. दोन्हींचं मूळ यातच नसेल कशावरून?

---

हौराकीकर

@तर्कट, शंका रास्त आहे. दोन परंपरा उलट बोलतात म्हणून तर तपासायला मजा आहे, दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. निदान त्याच माशाच्या आणि त्याच गळाच्या बाबतीत.

पण 'न मिळालेलं विसरतो' हे मला मान्य नाही. मी विसरलो, माझी वही विसरली, क्लबाचा वजनकाटा विसरला. मरामाताका विसरलं नाही. त्याने न मिळण्याच्या रात्रींना नाव दिलं, एक नव्हे तीन रात्रींना, आणि पिढ्यान् पिढ्या पोरांना ते पाठ करायला लावलं. हे पंचांग टिकवणाऱ्या लोकांनी रिकाम्या हाताचा हिशेब ठेवला होता. ते बरोबर होते की चूक हे पुढचं. पण आमच्या सगळ्या नोंदींपेक्षा त्यांच्या नोंदीत शून्याला जास्त जागा होती, हे माझं ठाम मत झालं आहे.

---

रानवेली

मी दक्षिण बेटावर, क्राइस्टचर्चला असते. दोन गोष्टी सांगते.

ईलच्या बाबतीत पंचांग आणि शास्त्र छान जुळतं. इथला लाँगफिन ईल आयुष्यात एकदाच अंडी घालतो. कित्येक दशकं गोड्या पाण्यात काढून शरद ऋतूत (म्हणजे इथे मार्च-एप्रिल-मेमध्ये) समुद्राकडे निघतो, तो काळोख्या पावसाळी रात्री. बँक्स द्वीपकल्पाजवळ वाइरेवा नावाचं सरोवर आहे, समुद्रापासून गोट्यांच्या बांधाने तोडलेलं. न्गाइ ताहू या माओरी टोळीचे लोक त्या गोट्यांत चर खणतात. समुद्राचा वास घेत निघालेले ईल रात्री चरांत शिरतात आणि तिथेच धरले जातात. चंद्र असेल त्या रात्री खणून उपयोग नाही. फिरो ही रात्र बाकी कामांना वाईट मानली तरी ईलला काळोखच हवा.

दुसरी गोष्ट जरा जपून सांगते. 'तपासू या' म्हणताना हे ज्ञान कुणाचं आहे ते विसरू नका. माओरींच्या ज्ञानावर आणि निसर्गसंपदेवर हक्क कुणाचा, याचा दावा वाइतांगी न्यायाधिकरणापुढे (माओरींचे सरकारविरुद्धचे दावे तिथे ऐकतात) १९९१ मध्ये दाखल झाला, त्याचा अहवाल यायला २०११ साल उजाडलं. वीस वर्षं. ज्यांचं पंचांग त्यांना बरोबर घेऊन, प्रश्न त्यांच्याशी बोलून ठरवला तर काम चांगलं होईल. मातुआंनी तुमचा प्रश्न एका वाक्यात सुधारला, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय.

आणि पंचांगाचं काम फक्त 'कधी मिळेल' सांगायचं नव्हतं. 'कधी जायचं नाही' हे सांगायचंही होतं.

---

हौराकीकर

@रानवेली, शेवटच्या वाक्यावर एक जुनी हकिकत. उत्तरेला काइताइयाजवळ रांगाउनू बंदर आहे. तिथे लहान शार्कची सामुदायिक मासेमारी वर्षातून फक्त दोनदा होत असे. एकदा जानेवारीच्या पौर्णिमेच्या सुमाराला रात्री, आणि त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, अमावस्या उलटल्यावर. झालं, मग वर्षभर बंद. नियम मोडणाऱ्याचं सामानसुमान जप्त होई. १८५५ च्या अशा एका मोहिमेचं वर्णन उपलब्ध आहे: पन्नासच्या वर होड्या, हजारभर माणसं आणि सुमारे सात हजार शार्क. प्रत्येक होडीने किती धरले याची मोजदाद झाली होती.

आता यातलं मासेमारीचं ज्ञान कोणतं आणि संयमाचं कोणतं, वेगळं करून दाखवा! दोन्ही पौर्णिमा-अमावस्येच्या, म्हणजे उधाणाच्या. वेसावकर दादांचा मुद्दा इथेही लागू पडतो: शार्कचं पंचांग वेगळं, तामुरेचं वेगळं.

मातुआंशी बोललो. संख्याशोध यांचं एकच विधान त्यांना वाचून दाखवलं. त्यांना ते आवडलं, पण कोरेकोरेला मी मुद्दाम मासे धरायला जाणार हे काही रुचलं नाही. शेवटी असं ठरलं की त्या दिवशी मिळालेलं सगळं सोडून द्यायचं, फक्त लिहायचं.

---

वेसावकर

बरोबर आहे त्यांचं. आम्हीही नारळी पौर्णिमेच्या आधी दर्यात जात नव्हतो. सरकारची १ जून ते ३१ जुलैची बंदी नंतर आली. नोंद टाका आल्यावर.

---

हौराकीकर (तीन आठवड्यांनी)

नोंद टाकतो, वहीत आहे तशीच.

कोरेकोरे. वाइतेमाता, धक्का. सकाळी ६:१० ते ९:४०. दोन गळ, आमिष पिलचर्ड. वारा नैऋत्येचा, हलका. तामुरे दोन, २६ आणि २८ सेंटीमीटर. काहावाई एक. सगळे सोडले.

म्हणजे कोरं पान काही आलं नाही. मातुआंना सांगितलं तर त्यांनी विचारलं, तीनपैकी कुठली कोरेकोरे? मी ते लिहिलंच नव्हतं. तारखेवरून मोजलं तर तिसरी निघाली. तिचं पूर्ण नाव 'कोरेकोरे पिरी की न्गा तांगारोआ', म्हणजे तांगारोआला चिकटलेली कोरेकोरे. पहिल्या दोन पुऱ्या वाईट, ही सुधारत जाणारी. म्हणजे संख्याशोध, तुम्ही म्हणता ती पायरीसुद्धा सरळसोट नाही, मध्ये एक लहान पायरी आहे आणि ती नावातच लिहिलेली आहे!

---

संख्याशोध

मग विधान बदला, पण पुढचे आकडे यायच्या आत. तिसरी कोरेकोरे तुलनेतून बाहेर. पहिल्या दोन विरुद्ध तांगारोआ. वहीत 'रात्रीचं पूर्ण नाव' असा रकाना घाला. आणि वाऱ्यामुळे जाता आलं नाही तो दिवसही लिहा, नाहीतर वादळी दिवस आपोआप गळतील.

---

हौराकीकर

रकाना आखला. पुढची पहिली तांगारोआ काल होती. पहाटे चारला उठलो, चंद्र डोक्यावर होता, आकाशवेडा म्हणतात तसाच, पण वारा ईशान्येचा आणि धक्क्यावर लाटा चढत होत्या. परत आलो. लिहिलं: तांगारोआ-आ-मुआ, गेलो नाही, वारा.